गजाननांची वही

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात गजानन किती आहेत, हे कुणी मोजलेलं नाही. शेगाव जवळ, त्यामुळे घरटी एक गजानन असतोच. काही घरांत दोन. भरल्या बाजारात उभं राहून 'ओ गजाननभाऊ' अशी हाक मारली, तर निम्मे लोक वळून बघतात आणि उरलेले आपल्या मेव्हण्याला कोण बोलावतंय म्हणून बघतात. या सगळ्या गजाननांची नोंद ठेवायचा उद्योग करणारा एकच माणूस मला भेटला. पुंडलिकभाऊ, डोणगावचे वार्ताहर. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांची ती वही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

लग्न होऊन मी मेहकरला आले आणि एका जिल्हा दैनिकाच्या तालुका कार्यालयात कामाला लागले. कार्यालय म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली. गावोगावचे वार्ताहर बातम्या पाठवायचे आणि मी त्या टाइप करून पुढे ढकलायचे. बाकीचे मोबाइलवरून पाठवत. भाऊ मात्र मोपेडवरून स्वतः यायचे, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, खिशात निळं आणि लाल अशी दोन पेनं. बातमी लिहिलेली असायची लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. सरपंचांच्या मुलीच्या लग्नाच्या पाठीवर विहिरीत पडलेल्या म्हशीची बातमी मी कितीदा टाइप केली असेल. कागद चांगला असतो, फेकून कसा द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. मी वैतागायचे, कारण पत्रिकेवरची चमकी की-बोर्डमध्ये जाऊन बसायची.

त्यांचं लिहिणं संथ. बातमी पूर्ण झाली की ज्याच्याबद्दल लिहिली असेल त्याला फोन लावायचे आणि सगळी वाचून दाखवायचे. 'तुमच्या तोंडी जे घातलं, ते तुमचंच आहे ना?' असं विचारायचे. पुढचा माणूस कधी कधी घाबरून सगळं फिरवायचा. मग भाऊ ते फिरवणंही बातमीत लिहायचे आणि तेही वाचून दाखवायचे. एकदा पाणीपुरवठ्याच्या एका बातमीसाठी हा खेळ दुपारभर चालला होता. शेवटी तो अधिकारी फोनवर रडकुंडीला आला आणि पहिलंच छापा म्हणाला.

दुसरी सवय अजून त्रासाची. दुपारी बारा ते एक फोन बंद. त्या वेळात ते जेवत. जेवताना बातमी ऐकायची नाही आणि सांगायची नाही, हा त्यांचा नेम. पत्रकार परिषदेला गेले तरी घरचा डबा सोबत. बाकी मंडळी हॉटेलात पनीर हाणत असायची आणि भाऊ कोपऱ्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा खात असायचे. आयोजक आग्रह करायला आले की म्हणायचे, 'तुमचं खाल्लं तं तुमच्याबद्दल लिहितानी हात जड होते.' हे ते हसत म्हणायचे, त्यामुळे कुणाला राग येत नसे. डबा मात्र कधी चुकला नाही.

सुनेनं त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा आम्हाला वाटलं, आता म्हातारा बदलेल. भाऊ फोन चष्म्याच्या घरात ठेवायचे आणि चष्मा खिशात. तालुक्याच्या प्रत्येक ग्रुपवर ते होते. कुणी काहीही पाठवलं की त्यांचं एकच उत्तर यायचं, 'कोनं पाह्यलं?' भूकंप येणार, मीठ महागणार, अमुक फळ खाल्लं की साखर उतरते, सगळ्याला तेच. लोक त्यांना टरकून राहू लागले. एकदा कुणीतरी सूर्योदयाचं चित्र टाकून शुभ सकाळ लिहिलं होतं. त्यालाही भाऊंनी विचारलं, कोनं पाह्यलं. त्या माणसानं कबूल केलं की आपण आठ वाजता उठलो.

बिबट्याची गोष्ट त्यातलीच. ऐन वेचणीच्या दिवसांत जानेफळ शिवारात बिबट्या दिसल्याचा फोटो फिरायला लागला. बायकांनी कपाशीत जाणं बंद केलं. आमच्या कार्यालयात आनंदीआनंद, कारण बातमीला लोक नुसते तुटून पडले होते. भाऊ दोन दिवस मोपेडवरून शिवार पालथं घालत फिरले. प्रत्येकाला फोटो कुणी पाठवला ते विचारत विचारत शेवटी कुठल्या तरी दूरच्या राज्यातल्या ग्रुपपाशी पोचले. मग फोटोतली झाडं दाखवून मला म्हणाले, 'हे झाडं आपल्या इकडं कुठी आहेत, सांग.' नव्हतीच. त्यांनी बातमी लिहून आणली, जानेफळला बिबट्या नाही.

आमचे निखिल सर तेव्हा नुकतेच शहरातून आले होते. डिजिटलचं सगळं त्यांच्याकडे. त्यांनी भिंतीवर एक मोठा स्क्रीन लावला होता, त्यावर कुठली बातमी किती लोक वाचतायत ते क्षणाक्षणाला दिसायचं. ते भाऊंना समजावायला लागले, की बिबट्या आहे ही बातमी असते, नाही ही बातमी कशी होईल. भाऊंनी शांतपणे विचारलं, 'चार दिवस बाया वेचायले गेल्या नाही, बोंडं झाडावरच फुटून पडले. ते कोनाच्या पायी?' सर माझ्याकडे बघायला लागले. मी स्क्रीनकडे. शेवटी बातमी आतल्या पानावर, खाली, बोटभर आली. भाऊंनी ती कापून जानेफळच्या पिठाच्या गिरणीवर डकवली आणि दुसऱ्या दिवसापासून बायका शेतात गेल्या.

वहीचा जन्म त्याआधीचा. भाऊ नवीन असताना सोसायटीच्या निवडणुकीत एक गजानन जिंकला आणि त्यांनी छापला दुसराच. हरलेला गजानन दिवसभर हार घालून घेत राहिला, कारण नाही कसं म्हणायचं ते त्याला कळेना. गाव अजून हसतं. भाऊंना मात्र ते इतकं लागलं की त्यांनी तीनशे पानी वही आणली. गाववार गजानन. वडिलांचं नाव, धंदा, घर कुठल्या गल्लीत, एखादी खूण. डाव्या पायानं लंगडतो. मिशा आहेत, पुढे असतील असं नाही. आणि सगळ्यात शेवटी एक रकाना होता, 'सांगायचं कुणाला'. त्या रकान्याचा अर्थ मला बरेच दिवस माहीत नव्हता. तो एका दुपारी कळला.

महामार्गावरच्या अपघातात जानेफळचा एक ट्रकचालक गेला. फोटो हवा म्हणून मी भाऊंच्या मागे मोपेडवर बसून त्याच्या घरी निघाले. गावात शिरल्यावर हापशीपाशी त्यांनी गाडी बंद केली आणि ढकलत न्यायला लागले. पेट्रोल संपलं का, मी विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. दारात त्याची बायको उभी होती. भाऊ म्हणाले, माझ्या फोनचं चार्जिंग सरलं, तुमचा फोन जरा द्या. तिनं दिला. तो त्यांनी खिशात टाकला. मग विचारलं, 'जेवनं झाले का, बाई?' ती म्हणाली, लेकरं आत्ताच बसतायत. 'बसू द्या, बसू द्या. तुमी बी बसा. आमी थांबतो,' असं म्हणून भाऊ ओट्यावर टेकले.

मी अवघडून उभी. माझा फोन सारखा थरथरत होता, कार्यालयातून विचारत होते नाव टाकू का, नाव टाकू का. भाऊंनी हातानंच नाही म्हणून खूण केली. आत तीन लेकरं वरण-भाकर खात होती आणि धाकटं आणखी मागत होतं. भाऊंनी तिला सांगितलं, वाढा त्याले. तिनंही भिंतीला टेकून दोन घास खाल्ले. अर्ध्या तासाच्या वर वेळ गेला. शेवटच्या पोरानं हात धुतले, तेव्हा भाऊ उठले, टोपी काढली आणि तिला सांगितलं. पुढचं मी लिहीत नाही.

परत येताना मी चिडले होते. दुसऱ्या सगळ्यांनी नाव देऊन टाकलं होतं, आम्ही शेवटचे. शिवाय फोनचं चार्जिंग संपल्याचं ते खोटं बोलले होते, मी डोळ्यांनी पाहिलं होतं, चार्जिंग भरपूर होतं. प्रत्येकाला कोनं पाह्यलं विचारणारा माणूस खोटं बोलतो, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

'हाव, बोललो,' ते म्हणाले. 'त्या घरी आता चूल पेटत नाही, माय. कोनी शेजारचं आनून देईन तं देईन. बातमी अर्धा घंटा उपाशी राह्यली तं मरत नाही. लेकराइच्या पोटात भाकर असू दे.'

कार्यालयात जाऊन उशिराबद्दल बोलणी खाल्ली. पण त्या दिवसापासून मी भाऊंना मनातून घाबरायला लागले, आणि मला ते फार आवडायलाही लागले.

एवढं पाहूनही माझ्या हातून जे व्हायचं ते झालंच. ते सांगितल्याशिवाय भाऊंबद्दल लिहिणं बरोबर नाही.

घाटात एक जीप उलटली. रुग्णालयातून नाव आलं, गजानन, पुढे आडनाव, राहणार डोणगाव. वेळ पावणेएकची. भाऊंना दोनदा फोन लावला, बंद. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. निखिल सर मागे उभे राहून टाका, टाका म्हणत होते, पण त्यांच्यावर ढकलण्यात अर्थ नाही, बटण माझ्या बोटानं दाबलं. नुसतं नाव टाकलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी ते नाव फेसबुकवर शोधलं, जो पहिला गजानन निघाला त्याचा हसरा फोटो उचलला आणि बातमीला लावला. स्क्रीनवरचा आकडा चढत गेला. खरं सांगते, मला बरं वाटलं.

तो फोटो डोणगावच्या गजानन टेलरचा होता. टेलर त्या वेळी शेतात होता, फोन घरी. बातमी त्याच्या आधी घरी पोचली. बायको दारातच कोसळली. चिखलीला दिलेली मुलगी कडेवर तान्हं मूल घेऊन बसमध्ये बसली आणि डोणगाव येईपर्यंत रडत आली, तिच्या फोनचं चार्जिंग खरोखरच संपलं होतं. जो गजानन खरोखर गेला, तो त्याच गल्लीत चार घरं सोडून राहणारा गवंडी. त्याच्याकडे साधा फोन, फेसबुक वगैरे काही नाही. त्याच्या बायकोनं कुणाच्या तरी मोबाइलवर टेलरचा फोटो पाहिला आणि हातातलं काम टाकून ती टेलरच्या बायकोला धीर द्यायला धावली.

एक वाजता भाऊंनी फोन सुरू केला आणि रुग्णालयात विचारून गेलेला गजानन कुठला ते पक्कं केलं. ते टेलरच्या घरी पोचले तेव्हा गवंड्याची बायको तिथे बसली होती, टेलरच्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन. इतक्यात टेलर स्वतः शेतातून आला आणि आपल्या दारातली गर्दी बघून कोण गेलं म्हणून विचारायला लागला. घरात एकच कल्लोळ झाला. त्या हसण्या-रडण्यात गवंड्याची बायकोही डोळे पुसून हसत होती. भाऊंनी तिला बाजूला घेतलं आणि म्हणाले, चाला, तुमाले घरी सोडतो. घरी नेऊन तिला विचारलं, जेवण झालं का. नव्हतं झालं. त्यांनी तिला जेवायला बसवलं.

हे मला भाऊंनी नाही सांगितलं. त्या बाईनं सांगितलं, वर्षभरानं, मी माफी मागायला गेले तेव्हा.

कार्यालयात निखिल सरांनी बातमी काढून टाकली. डिलीट केलं, विषय संपला, म्हणाले. भाऊ आले, तसेच, टोपी घामानं भिजलेली. दिलगिरी छापा म्हणाले, पहिल्या पानावर. सर म्हणाले, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनाही कशाला सांगायचं. भाऊ म्हणाले, 'ज्याइनं पाह्यलं त्याइच्या मनातून कोन डिलीट करन?' कुणीच छापायला तयार होईना. मी संगणकामागे खाली मान घालून बसले होते. चूक माझी आहे, एवढं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. नोकरी कच्ची, घराचे हप्ते नवीन, माझी सई दीड वर्षाची. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

डोणगावच्या बसस्टँडवर एक वार्ताफलक आहे. पेपरात येण्याआधीपासून तो फळा भाऊच लिहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं की काल गजानन टेलर यांच्याबद्दल दिलेली बातमी खोटी होती, त्यांच्या घराला आणि गवंड्याच्या घराला झालेल्या त्रासाबद्दल हात जोडून माफी, चूक माझी. खाली त्यांचं नाव आणि आमच्या पेपरचं नाव. लोकांनी त्याचे फोटो काढले आणि ते आमच्या मूळ बातमीपेक्षा जास्त फिरले. संध्याकाळी जिल्ह्याहून फोन आला. भाऊंना ओळखपत्र जमा करायला सांगितलं.

ते जमा करायला आले तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं. मी आत जाऊन खरं काय ते सांगते म्हणाले.

'काऊन?' ते म्हणाले. 'वही माह्याजवळ होती आन् मी तुले कधी दाखोली नाही. तं चूक कोनाची झाली? तू नोकरी कर. बरोबर कर.' आणि त्यांनी पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली.

पिशवीत डबाही होता. त्या दिवशी ते ओळखपत्र देऊन खाली खताच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि बारा वाजता, नेहमीसारखे, जेवले. मी वरून खिडकीतून बघत होते. खाली जाऊन त्यांच्याशेजारी बसावं असं फार वाटलं. नाही गेले.

वही मी त्या रात्री घरी चाळली. नांदुऱ्याच्या, म्हणजे माझ्या माहेरच्या, पानावर माझे वडील निघाले. मला हसू आलं, म्हातारा कुठवर पोचलाय बघा म्हणून. अक्षर जुनं होतं, मी नोकरीला लागले त्या सुमाराचं. गजानन, सरकीचे दलाल, स्टेशनाजवळ घर, मोठ्यानं बोलतात. आणि शेवटच्या रकान्यात: मुलगी, मेहकर, आपल्या ऑफिसात. कामाच्या नादात जेवायचं विसरते.

ओळखपत्र गेलं तरी भाऊंचं काम काही थांबलं नाही. उलट आता पोलिसही त्यांनाच बोलवायचे, रुग्णालयही. कुणाच्या घरी जाऊन सांगायचं असलं की भाऊ जातील, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. दुसऱ्या पेपरांनी बोलावलं, ते गेले नाहीत. मी मात्र कार्यालयात एक नियम करून टाकला, घरी कळल्याशिवाय नाव जाणार नाही आणि घरच्यांनी दिल्याशिवाय फोटो जाणार नाही. निखिल सर दोन-तीनदा तावातावानं भांडले. मी वही टेबलावर आपटून ठेवली. पुढे ते बदलून गेले. आता नवी मुलं आहेत, ती मला मागून गजाननबाई म्हणतात. म्हणू देत.

त्यानंतरही भाऊ मला कधीमधी भेटत. बाजारात, लग्नात, ताटातली एक जिलेबी सईसाठी बाजूला काढून ठेवताना. पण त्यांची आठवण आली की मला एकच दुपार दिसते.

रविवार होता. नवरा शाळेच्या कसल्याशा परीक्षेच्या कामाला गेलेला, त्याचा नुकताच फोन येऊन गेला होता, भाजी काय केली म्हणून. सई जेवायला बसली होती. मी तिला वाढून, स्वतःचं ताट झाकून, लॅपटॉप उघडला होता. खिडकीतून सहज बाहेर पाहिलं तर गल्लीच्या टोकाकडून भाऊ येत होते. ऊन मी म्हणत होतं. मोपेड बंद होती आणि ते ती ढकलत आणत होते.

मी दारात गेले. त्यांनी गाडी कुंपणाला लावली. कपाळावरचा घाम पुसला. माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पायांकडे पाहिलं.

'तुहा फोन दे जरा,' ते म्हणाले. 'माह्यातलं चार्जिंग सरलं.'

मी फोन दिला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात, दोन पेनांच्या शेजारी ठेवला. पातळ पांढऱ्या कापडातून तो लागलीच उजळला. विझला. पुन्हा उजळला. माझ्या भावानं नांदुऱ्याहून मला फोन न करता त्यांना केला होता, हे मला नंतर कळलं.

'जेवण झालं का, माय?'

या जिल्ह्यात या प्रश्नाचा अर्थ आधीच जाणणारी बहुधा मी एकटीच होते. त्यांनाही ते माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, कारण दुसरं काय करायचं त्यांना येत नव्हतं, आणि मी जेवलेली नाही याची त्यांना खात्री असणार.

'तुम्ही जेवलात?' मी विचारलं.

'झालं,' ते म्हणाले. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि गाडीला अडकवलेल्या पिशवीत डबा तसाच होता.

मी आत आले. लॅपटॉप मिटला. सईच्या शेजारी ताट घेऊन बसले. ती शाळेतलं काहीतरी सांगत होती, मी हो हो म्हणत होते. घास फिरत होता तोंडात, गिळवत नव्हता. पण डोणगावाहून त्या उन्हात ते एवढ्याचसाठी आले होते. मी एक भाकरी पूर्ण खाल्ली. सईला भात वाढला. ओसरीवर भाऊ भिंतीला टेकून बसले होते, खिशावर हात ठेवून, तो उजेड आम्हाला दिसू नये म्हणून. त्यांनी एकदाही आत वळून पाहिलं नाही.

मग मी सईचे हात धुतले, माझे धुतले, पदराला पुसले आणि बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसले.

'जेवले, भाऊ,' म्हटलं. 'सांगा आता.'

त्यांनी टोपी काढली.